कुत्र्याला मिरजेला नेलं तेव्हा

माझं माहेर मिरजेचं आणि सासर कोरेगावचं. लग्न ठरलं तेव्हा सासरच्या माणसांना या स्थळात सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर मिरजेतले दवाखाने. आमच्या भागात एखाद्याचं दुखणं हाताबाहेर गेलं की घरातलं वडीलधारं माणूस शेवटी एकच वाक्य बोलतं, "आता मिरजेला न्या." त्यामुळे मिरजेची सून मिळणं म्हणजे तिथं कायमची एक खाट राखून ठेवल्यासारखं. लग्नानंतर माझ्या माहेरी सासरकडचे गुडघे आले, मोतीबिंदू आले, एक मुतखडा आला. माझ्या आईनं सगळ्यांना मऊ भात करून घातला. पण एक दिवस कुत्रा येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

हा कुत्रा आमच्याकडे आला तो वडूजहून. ते आत्यांचं माहेर. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या भावानं एका मेंढपाळाकडून पिल्लू मागून घेतलं आणि बाजाराच्या पिशवीत घालून एसटीनं आणलं. पिशवीतून फक्त कान बाहेर होते. मामांनी ती पिशवी सोप्यात ठेवली आणि म्हणाले, "लय इमानी जात हाय. रातभर मेंढरं राखत्यात. डोळ्याला डोळा लावत न्हाईत." आम्ही सगळ्यांनी हे कौतुक म्हणून ऐकलं. आपल्याकडे मेंढरं नाहीत, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

कुत्र्याचं नाव मी इथं लिहीत नाही, त्याला कारण आहे. मुलांनी हौसेनं ठेवलेलं नाव नेमकं आमच्या गल्लीतल्या एका वजनदार गृहस्थांचं निघालं. हे कळेपर्यंत उशीर झाला होता. कुत्र्याला ते नाव समजायला लागलं होतं, आणि गृहस्थांना तर ते आधीपासूनच समजत होतं. पुढं रात्री-अपरात्री आमच्या सोप्यातून त्या नावाच्या पुढं "गप बस की रं भाड्या!" असं ऐकू जायला लागलं. त्या गृहस्थांनी आमच्याशी बोलणं सोडलं ते आजतागायत. एका अर्थी ते गप्प बसले. कुत्रा मात्र बसला नाही.

वर्षाचा होईपर्यंत त्यानं तोंड उघडलं नव्हतं. अंगानं वाढला, पाय लांबले, आणि एका उन्हाळ्यात रात्रीचा भुंकायला लागला. त्याला फाटकाजवळ पेरूच्या झाडाला साखळीनं बांधलेलं असायचं, कारण आत्यांचा नियम होता की जनावर उंबऱ्याच्या आत येणार नाही. फाटकातून गल्ली दिसायची. आमच्याकडे शेतीची लाईट रात्रीची येते, त्यामुळे उसाला पाणी पाजायला माणसं बॅटऱ्या घेऊन आमच्याच दारावरून जातात. तो बॅटरीवर भुंकायचा. बॅटरी गेली की मांजरावर भुंकायचा. मांजर गेलं की पलीकडच्या बेकरीच्या पत्र्यावर त्याचाच आवाज आपटून परत यायचा, आणि समोरून कुणीतरी आपल्याला उलट बोलतंय असं समजून तो त्याच्यावरही भुंकायचा. हे भांडण लवकर मिटण्यासारखं नव्हतं, कारण पत्रा कधीच माघार घेत नसे.

ती बेकरी चाचांची. चाचांचं घर आणि बेकरी दोन्ही आमच्या भिंतीला लागून. भट्टी पेटवायला ते पहाटेच्याही आधी उठतात, म्हणून संध्याकाळी लवकर झोपतात. म्हणजे कुत्र्याची पाळी आणि चाचांची झोप अगदी एकावर एक. पण चाचा जुन्या वळणाचे. शेजाऱ्याकडे तक्रार घेऊन जायचं तर मोकळ्या हातानं जायचं नाही, असं त्यांचं मत. ते टोस्टची पुडी घेऊन यायचे. सोप्यात बसायचे. पावसापाण्याचं बोलायचे. चहा व्हायचा. मग उठता उठता माझ्याकडं बघून म्हणायचे, "सूनबाई, रात्री जरा आवाज जास्तच झाला, न्हाई का?" आणि आबा मान खाली घालायचे.

आबा म्हणजे माझे सासरे. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले, गल्ली त्यांना सुभेदार म्हणूनच ओळखते. शिस्तीचे. आपल्या घरातलं कुणी शिस्त मोडतंय आणि तेही सगळ्या गल्लीच्या कानावर, हे त्यांना फार लागायचं. ते सोप्यातच झोपायचे, त्यामुळे कुत्रा भुंकला की पहिले तेच बाहेर यायचे. बॅटरी, काठी, आणि मोठा आवाज घेऊन. माझ्या नवऱ्याचा यात काही उपयोग नव्हता. तो साखर कारखान्यात पाळीवर जातो, आणि गाळपाच्या दिवसांत तो झोपला की त्याच्या अंगावरून ट्रॅक्टर गेला तरी कूस बदलणार नाही.

उपाय सुरू झाले. आत्यांनी मीठमोहऱ्या आणि लाल मिरच्या घेऊन कुत्र्याची दृष्ट काढली. मिरच्यांचा धूर नाकात गेल्यावर तो इतका शिंकला, की त्या रात्री आधी शिंका आणि मग भुंकणं असं ऐकायला मिळालं. कुणी सांगितलं, पोट गच्च भरलं की झोपेल. मग झोपायच्या वेळेला त्याला भाकरी कुस्करून भरपूर आमटी घातली. त्याला तहान लागली, मग लघवीला लागली, आणि साखळीला बांधलेलं असल्यानं ते सगळ्यांना ओरडून सांगणं भाग पडलं. कुणी म्हणालं, एकटा आहे, सोबत द्या. आबांनी चुलतभावाचा कुत्रा एका रात्रीसाठी उसना आणला. तो स्वभावानं शांत होता. सकाळी परत द्यायला गेलो तेव्हा त्याचाही आवाज बसला होता, आणि चुलतभावाच्या बायकोनं आम्हाला घरात या म्हटलं नाही.

एका दुपारी चाचा टोस्टची पुडी घेऊन आले, पण पावसापाण्याचं काही बोललेच नाहीत. नुसते खुर्चीत बसले आणि बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली. आम्ही सगळे आवाज न करता उभे. जागे झाले तेव्हा ओशाळून म्हणाले, "माफ करा. काल भट्टीत पाव टाकले आन् तितंच डोळा लागला. सगळं जळालं."

आबांनी चेहरा कडक केला. उभे राहिले आणि म्हणाले, "आता मिरजेला न्यायचं."

"कुनाला?" आत्यांनी विचारलं. त्यांना वाटलं चाचांना.

"ह्याला," आबांनी फाटकाकडं बोट केलं.

मी म्हणाले, "आबा, जनावरांचे डॉक्टर इथं कोरेगावात आहेत की."

"इथं सरदी-पडशाचं बगत्यात. ह्यो डोक्याचा इकार हाय."

योगायोग असा, की माझी शाळेतली एक मैत्रीण खरंच मिरजेत जनावरांची डॉक्टर आहे आणि घरगुती कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवते. हे मी बोलून गेले आणि मग थांबवणं अशक्य झालं. चाचांनी बेकरीचा टेम्पो द्यायचं कबूल केलं, पण अट घातली की तेही येणार. आबा म्हणाले, "तुमी कशाला तरास घेता?" त्यावर चाचा म्हणाले, "सुभेदार, पेशंटला बोलता येत न्हाई. साक्षीदार नगं व्हय?"

तर असे आम्ही निघालो. पुढं चाचांचा ड्रायव्हर, चाचा आणि मी. मागं पावांच्या रिकाम्या ट्रेमध्ये आबा आणि कुत्रा. आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दवाखान्यात जायचं म्हणून आत्यांनी कुत्र्याला आंघोळ घातली होती आणि वर पावडर लावली होती. कोरेगाव ते मिरज त्यानं चकार शब्द काढला नाही. टेम्पोतल्या पावाच्या वासानं त्याला गुंगी आल्यासारखं झालं होतं. आबांची मात्र चलबिचल चाललेली. वाटेत चहाला थांबलो तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, डाक्टरफुडं भुंकलाच न्हाई तर काय करायचं? आपुन खोटं पडू."

दवाखान्यात गर्दी होती. एक बाई पिंजऱ्यातला पोपट मांडीवर घेऊन बसल्या होत्या, एक माणूस टॉवेलात गुंडाळलेलं मांजर धरून उभा होता, आणि कोपऱ्यात एक कोकरू होतं. कोकरू पाहिल्याबरोबर आमचा कुत्रा उठला, शांतपणे त्याच्याजवळ जाऊन बसला आणि दाराकडं तोंड करून राखण करायला लागला. आबा मला कोपरानं ढोसून म्हणाले, "बघ. ड्यूटी सोडत न्हाई."

नंबर लागला. मैत्रिणीनं त्याचे कान, दात, डोळे पाहिले, पोट दाबलं, पाय हलवून पाहिले. कुठं दुखत असलं तरी जनावर रात्रीचं ओरडतं, ती म्हणाली. पण दुखत काही नव्हतं. मग तिनं आबांना विचारलं, "भुंकतो म्हणजे कसा भुंकतो? एकसारखा, की थांबून थांबून? आवाज कसा असतो?"

आबा सावधान उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला आणि भुंकून दाखवलं.

मी जमिनीकडं पाहिलं. आबांचा आवाज परेड मैदानावर कमावलेला, तो भिंतींना लागून घुमला. बाहेर पोपट ओरडला. मैत्रीण मोठ्या गंभीरपणे म्हणाली, "बरं. असाच सारखा?"

"तसं न्हाई, तसं न्हाई," चाचा पुढं आले. "सुभेदार, तुमी निस्तं जवळनं ऐकता. भिंतीपलीकडनं म्या ऐकतोय. आदी दोन बारकं येत्यात, मग एक लांब." आणि चाचा भुंकले. दोन बारकं, एक लांब.

"लांब इतकं लांब न्हाई," आबा म्हणाले आणि त्यांनी दुरुस्त करून भुंकून दाखवलं.

"तुमी उठून बाहेर आल्यावरचं सांगताय. त्याच्या आदी..." चाचा पुन्हा भुंकले.

दार ढकलून मांजरवाल्या माणसानं आत डोकावून पाहिलं. त्याला दोन पांढऱ्या मिशांची माणसं एकमेकांकडं तोंड करून भुंकताना दिसली, आणि टेबलावर एक कुत्रा, गप्प, एकदा याच्याकडं एकदा त्याच्याकडं बघत. त्यानं दार लावून घेतलं. आम्ही बाहेर आलो तेव्हा तो गेलेला होता.

मैत्रिणीनं दोघांना बसवलं, पाणी दिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. "भुंकायला लागला की तुम्ही काय करता?"

"म्या उठून बाहेर येतो. वरडतो त्याच्यावर."

"मग थांबतो?"

"न्हाई."

"मग?"

आबा जरा घुटमळले. "मग टोस्ट देतो. खाईपातूर गप ऱ्हातो."

"कुठलं टोस्ट?" चाचांनी विचारलं.

"घरातलं."

"घरातलं म्हंजे कुनाचं?"

आबा कुत्र्याकडं बघायला लागले. चाचा खुर्चीत हळूहळू वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, एक प्रकारचा अचंबा होता. भुंकणं बंद व्हावं म्हणून तक्रारीसोबत आणलेलं टोस्ट हेच भुंकण्याचं बक्षीस म्हणून खर्ची पडत होतं. कुत्रा भुंकला की चाचा टोस्ट आणणार, आबा ते कुत्र्याला देणार, आणि कुत्रा आणखी भुंकणार. "म्हंजी," चाचा शेवटी म्हणाले, "माजाच माल."

मैत्रिणीला हसू आवरत नव्हतं, पण तिनं नीट समजावून सांगितलं. हा कुत्रा दिवसभर काय करतो? झोपतो. आत्या दुपारी मालिका बघतात तेव्हा खिडकीखाली सावलीला पडून असतो. म्हणजे रात्री त्याची झोप झालेली असते. फिरणं नाही, खेळणं नाही. वर फाटकापाशी बांधलेला, त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्याला दिसतो. माणसं निघून जातात ती आपल्या भुंकण्यामुळंच, असं त्याला वाटतं, म्हणजे रोज रात्री त्याचीच जीत. तुम्ही बाहेर येऊन ओरडता तेव्हा त्याला वाटतं, हे आपल्यासोबत भुंकायला आले. आणि वर टोस्ट. "त्याला संध्याकाळी दमेपर्यंत फिरवा," ती म्हणाली. "जेवण लवकर घाला. झोपायच्या आधी एकदा बाहेर नेऊन आणा. रात्री गल्ली दिसणार नाही अशा जागी, माणसांच्या जवळ झोपवा. भुंकला तर ओरडू नका, काही देऊ नका. गप्प राहिला की तेव्हा शाबासकी द्या. आणि थोडा धीर धरा, सुरुवातीला जास्त भुंकेल." मग उठताना सहज म्हणाली, "या जातीला राखणीची सवय असते. राखण दुसरं कुणीतरी करतंय असं त्याला वाटलं की तो निवांत होईल."

बाकी सगळं मी लक्षात ठेवलं. आबांनी फक्त शेवटचं वाक्य लक्षात ठेवलं.

माहेरी जेवून आम्ही परत आलो. आईनं कुत्र्यालाही मऊ भात घातला, सवयीनं. दुसऱ्याच दिवसापासून आबांनी कामाला सुरुवात केली. संध्याकाळी कुत्र्याला घेऊन ओढ्याच्या पलीकडं लांब चक्कर. सुरुवातीला कुत्रा दमायच्या आधी आबा दमायचे आणि कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून परत यायचे, कुत्रा मागून धावत. जेवण दिवेलागणीला. आत्यांशी वाटाघाटी होऊन सोप्याच्या भिंतीच्या आडोशाला, पण उंबऱ्याच्या बाहेर, अशी एक जागा ठरली, जिथून गल्ली दिसत नाही. तिथं पोतं अंथरलं.

आणि पहाऱ्याची बदली. जेवणं झाली की आबा फौजेतली जुनी टोपी घालून फाटकापाशी जायचे. कुत्रा तिथं बसलेला. आबा त्याच्यासमोर टाच आपटून उभे राहायचे आणि खणखणीत आवाजात म्हणायचे, "संतरी बदली! कोई रिपोर्ट?" कुत्रा शेपूट हलवायचा. "ठीक है. जाओ, आराम करो." मग साखळी सोडायची, पाठीवर हात फिरवायचा आणि त्याला पोत्यावर नेऊन बसवायचं. पहिल्या काही रात्री तो भुंकला, अगदी मैत्रिणीनं सांगितलं होतं तसा, आधीपेक्षा जास्त. आबा दातओठ खाऊन गप्प राहिले. चाचांनी टोस्ट आणणं बंद केलं होतं, त्यामुळे द्यायलाही काही नव्हतं. मग भुंकणं कमी झालं. मग एखाद-दुसरं. मग एका सकाळी चाचा आले, पाठ सरळ, डोळे स्वच्छ, आणि म्हणाले, "सूनबाई, काल म्या सपान बघितलं. लय दिवसांनी."

इथं ही हकिकत संपायला हवी होती.

पण कुत्र्याला सुट्टी दिली म्हणजे पहारा कुणीतरी करायला हवा, आणि आबांनी आयुष्यात पोस्ट रिकामी सोडलेली नव्हती. ते फाटकापाशी खुर्ची टाकून बसायला लागले. अंगावर कांबळं, मांडीवर काठी. उसाला पाणी पाजायला निघालेला माणूस बॅटरी घेऊन दिसला की आबा गरजायचे, "थम! कौन आता है?" फौजेच्या रिवाजाप्रमाणं येणाऱ्यानं त्यावर "दोस्त" म्हणायचं असतं.

गल्लीतली माणसं आधी दचकली. मग चिडली. एक पुतण्या, चुलत घरातला, खांद्यावर फावडं घेऊन उभा राहून म्हणाला, "आवं काका, मी हाय. तुमचा पुतन्या."

"आदी 'दोस्त' म्हन."

"आवं पर, मला वळखताय की तुमी!"

"वळख नंतर. आदी दोस्त."

लाईट जायच्या आत मोटर चालू करायची म्हणून बिचारा "दोस्त" म्हणाला. हळूहळू सगळेच म्हणायला लागले. माणसं लांबूनच "दोस्त, दोस्त" करत यायची. चाचांना घराच्या दारातून बेकरीच्या दारापर्यंत जायला पहाटे रोज दोस्त व्हावं लागायचं, आणि एकदा हातात पिठाचं पोतं असताना त्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, तेव्हा आबांनी दुसऱ्यांदा ललकारलं आणि पोतं खाली पडलं. कुत्रा पोत्यावर घोरत होता.

चाचा दुपारी आले. हातात टोस्टची पुडी होती. मी ती पाहिली आणि समजले.

"सूनबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "कुत्रं गप झालं, अल्लाची मेहरबानी. आता सुभेदारांचं काय करायचं?"

मी मैत्रिणीला फोन लावला. नेमकं कसं सांगावं कळेना. म्हटलं, "अगं, रात्रीचा आवाज अजून आहे. पण तो कुत्रा नाही. सासरे आहेत." मग तिनं विचारलं, "दिवसा झोपतात का?" मी म्हटलं, झोपतात, जेवल्यावर चांगले तीन तास. "रात्री एकटेच असतात?" सोप्यात, हो. "जेवण उशिरा?" बातम्या बघत. मग ती म्हणाली, "मी माणसांची डॉक्टर नाही गं." पण दोघींनाही कळलं होतं की प्रश्न सगळे तेच होते.

त्या संध्याकाळी मी आबांच्या आणि कुत्र्याच्या सोबत ओढ्याकडं फिरायला गेले. कुत्रा पुढं पळत होता. मी म्हटलं, "आबा, तुम्ही रात्री झोपत का नाही? कुत्र्यासाठी आता पहारा द्यायची गरज नाही. तो गाढ झोपतो."

ते चालत राहिले. मग म्हणाले, "त्याच्यासाटी न्हाई गं. मला झोप येत न्हाई. रिटायर झाल्यापास्नं कवाच धड येत न्हाई. नोकरीत तसं चालून जातं, ड्यूटी असती. घरात काय करायचं? पडून ऱ्हायचं नि छताकडं बघायचं. ह्यो भुंकायला लागला तवा मला बरं वाटलं व्हतं. म्हटलं, चला, कुनीतरी जागं हाय. टोस्ट द्यायच्या निमित्तानं जरा बोलायचो त्याच्यासंगं." पुढं पळणाऱ्या कुत्र्याकडं बघून म्हणाले, "तो गप झाला, मग म्हटलं निदान खुर्ची तरी टाकून बसू."

इतकी माणसं घरात, भिंतीपलीकडं चाचा जागे, आतल्या खोलीत मी जागी, गल्लीभर लोक कूस बदलतायत, आणि आबांना वाटत होतं की आपण आणि कुत्रा असे दोघंच जागे आहोत.

घरी येऊन मी आत्यांना सगळं सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. दुसऱ्या दिवशी आबा दुपारचे आडवे झाले तसा त्यांनी हाक मारली, "आवं, जरा उठा. शेंगा फोडायच्यात." त्याच्या पुढच्या दिवशी, "आवं, शेतावर चला, बांध बघायचाय." त्याच्या पुढं दळण, त्याच्या पुढं वाळवण राखायला. कामं संपली तेव्हा आत्यांनी फोडलेल्या शेंगांत टरफलं मिसळली आणि पुन्हा निवडायला दिली. आबांना शंका आली असणार, पण हुकूम होता. जेवण दिवेलागणीला आलं, कुत्र्याच्या बरोबर. बातम्या बंद झाल्या. चाचांनीही हातभार लावला. संध्याकाळच्या चकरेत तेही यायला लागले, म्हणाले, "डाक्टरनं मला बी सांगितलंय चालायला." कुठल्या डॉक्टरनं हे त्यांनी सांगितलं नाही.

आणि मग एका संध्याकाळी, थंडीचे दिवस होते, आत्यांनी आपली गादी आतल्या खोलीतून उचलली आणि सोप्यात आबांच्या खाटेशेजारी अंथरली. माझा नवरा त्या दिवशी घरी होता, तो बघतच राहिला. "आई, काय झालं?"

"आत उकडतंय," आत्या म्हणाल्या. बाहेर माणसं शेकोटी करून बसली होती.

कुत्र्याचं पोतं उंबऱ्याच्या बाहेर होतं. आत्यांनी ते पायानं सरकवत सरकवत उंबऱ्याच्या आत घेतलं. नियमाबद्दल कुणी काही विचारलं नाही. आबांनी टोपी घालून नेहमीसारखी बदली केली, "जाओ, आराम करो" म्हणाले, आणि खुर्ची घ्यायला वळले. आत्या अंथरुणातून म्हणाल्या, "आता तुमची बदली कोन करनार?"

आबा थांबले. हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलेला नसावा.

"म्या करती," आत्या म्हणाल्या. "रिपोर्ट काय हाय?"

"काय न्हाई."

"मंग या की आत. दार लावा. वारं येतंय."

तेव्हापासून ते झोपतात. रोज नाही, कधी कधी अजूनही लवकर जागे होतात, पण मग आत्यांच्याशी काहीतरी बोलत पडतात, आणि ते बोलणं आतल्या खोलीपर्यंत नुसतं गुणगुणल्यासारखं येतं. त्यात बहुतेक भाग माझ्या स्वयंपाकाचा असतो असा मला संशय आहे. गल्लीतून माणसं पाणी पाजायला जातात. बरीच जणं सवयीनं अजून आमच्या फाटकापाशी "दोस्त" म्हणतात आणि उत्तर न आल्यावर जरा हिरमुसतात.

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्री अचानक कुत्रा एकदा भुंकला. एकदाच. मी उठून बसले. माझा नवराही उठून बसला, जो ट्रॅक्टरनं उठत नाही. पलीकडं चाचांच्या घरात दिवा लागला, समोरच्या घरात लागला, मग गल्लीत एकेक करत सगळीकडं लागले. आम्ही सगळे दुसऱ्या भुंकण्याची वाट बघत बसलो. माझा फोन वाजला. चाचा होते, कुजबुजत, "सूनबाई, खैरियत हाय ना?" मी सोप्यात डोकावले. कुत्रा पोत्यावर आडवा पडून झोपेत पाय हलवत होता, बहुधा कुठल्यातरी माळावर मेंढरांच्या मागं. आत्यांचा हात खाटेवर होता. आबा तोंड उघडं टाकून घोरत होते.

"सगळं ठीक आहे," मी चाचांना सांगितलं. तरी बराच वेळ कुणी दिवा मालवला नाही.